जातं थांबतंय तुझं

(आपल्या वार्षिक मेळाव्यातल्या 'स्वतःसाठी' या सत्रात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'छंद : अनुभवकथन' असं छापलं आहे. काल दिवसभर आपण इथे पोटगीबद्दल बोललो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्याबद्दल बोललो, दारूबंदीच्या ठरावावरून तर रात्री जेवतानासुद्धा भांडलो. आणि आज सकाळी मी उठून गिटारबद्दल बोलायचं! रात्री मला झोप लागेना. संयोजक मैत्रिणीला सांगूनही पाहिलं, की माझा वेळ दुसऱ्या कुणाला दे. ती म्हणाली, "तुला जे ओशाळल्यासारखं होतंय ना, त्याबद्दलच बोल." म्हणून उभी आहे.

मी मूळची सिन्नरची. सिन्नर म्हटलं की विडी आलीच. आमच्या आळीत दुपारी बायका ओट्यावर मांडीवर सूप घेऊन बसायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. हजारावर मजुरी. बोलणं, हसणं, पोराला दटावणं चालू असायचं आणि बोटं आपली चालूच. आमच्या घरात विड्या वळत नसत, पण माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. मी तिच्या मांडीला टेकून अर्धवट झोपेत असायची. तिचा उजवा हात खुंटा धरून फिरत राहायचा, डावा हात मधूनच मूठभर दाणे जात्याच्या तोंडात सोडायचा, आणि वर गळा ओवी म्हणत असायचा. तीन कामं, तिन्हींची चाल वेगळी. हे मला तेव्हा काहीच विशेष वाटलं नाही. आजी दळते, बस्स.

शाळेत असताना मी चार वर्षं पेटी शिकले. दहावीला 'आता अभ्यास' म्हणून बंद झाली, मग 'आता कॉलेज', मग 'आता लग्न'. कुणी बंदी घातली असं नाही. पेटी माळ्यावर गेली ती गेली.

१९९८ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्यात गेलो. मी नाशिकला एका पतसंस्थेत नोकरी करत होते, ती सोडली. तिथे मला जो व्हिसा मिळाला त्याला 'एच-फोर' म्हणतात. नवऱ्याच्या नोकरीच्या आधारानं बायकोनं राहायचं, पण कमवायचं नाही. कागदावर शब्दच 'डिपेंडंट'. २०१५ सालापासून अशा काही बायकांना कामाची परवानगी मिळू लागली, आमच्या वेळी ती सोय नव्हती. मी अशी नऊ वर्षं काढली. त्यावर एक वेगळं सत्र घ्यावं असं मी सुचवेन, कारण आता आपल्यातल्या पुष्कळ घरांतल्या लेकी तिकडे आहेत. २००७ साली कायमच्या वास्तव्याचे कागद आले आणि मी एका शाळेच्या जेवणघरात कामाला लागले. तिथे ताटं वाढताना मी पुन्हा माणसांत आले.

गिटार मुलाची. त्यानं शाळेत हट्टानं घ्यायला लावली, तीन महिने वाजवली, मग ती पलंगाखाली. २०१७ साली तो कॉलेजला गेला. त्याची खोली झाडताना ती बाहेर काढली. एक तार तुटलेली होती. पुसून भिंतीला टेकवून ठेवली, एवढंच.

त्याच आठवड्यात गावातल्या वाचनालयातून एक सीडी आणली होती. मुखपृष्ठावर म्हाताऱ्या बाईचा फोटो, म्हणून उचलली, खरं सांगते. पोळ्या लाटताना लावली. मला वाटलं, दोन गिटारी वाजतायत. खाली कुणीतरी खर्जात ठेका धरलाय, आणि वर दुसरं कुणीतरी बारीक तारांवर गाणं म्हणतंय. मग मुखपृष्ठ वाचलं. एकच बाई होती. एलिझाबेथ कॉटन.

त्या वादनाला तिकडे फिंगरस्टाइल म्हणतात. हातात पट्टी धरून तारा छेडायच्या नाहीत, बोटांनीच वाजवायचं. अंगठा जाड तारांवर एक-दोन-तीन-चार असा चालत राहतो, तर्जनी आणि मधलं बोट पातळ तारांवर सूर काढतात. सूर ठेक्यावर पडेलच असं नाही, कधी आधी, कधी नंतर. अंगठ्यानं मात्र ढळायचं नाही. मी पोळी तव्यावर तशीच टाकून उभी राहिले. हे मी पाहिलेलं होतं. खुंटा फिरतोय, दाणे पडतायत, वर ओवी चाललीय.

या बाईबद्दल थोडं सांगते, कारण तिच्यामुळे मी शिकायला लागले. गेल्या शतकाच्या आधीच्या दशकात चॅपेल हिलच्या बाजूला, आज ज्याला कारबरो म्हणतात तिथे, रेल्वेच्या रुळांजवळ ती जन्मली. माझ्या घरापासून गाडीनं अर्धा तास. लहानपणीच ती लोकांच्या घरी धुण्याभांड्याच्या कामाला लागली, महिना पाऊण डॉलरवर. साठवून पावणेचार डॉलरची गिटार घेतली. ती डावखुरी होती. गिटार उजव्या हाताच्या लोकांसाठी बांधलेली. तिला कुणी तारा बदलून दिल्या नाहीत, तिनंही बदलल्या नाहीत, सरळ उलटी धरली. त्यामुळे जगातले सगळे अंगठ्यानं जे वाजवतात ते ती बोटानं वाजवायची, आणि सूर अंगठ्यानं. शिकवणारं कुणी नसलं की अशी तऱ्हा होते. आज त्या तऱ्हेला तिच्या नावानं ओळखतात.

अकरा-बारा वर्षांची असताना तिनं मालगाडीवर एक गाणं रचलं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, चर्चमधल्या मंडळींनी सांगितलं की हे ऐहिक संगीत सोड. तिनं गिटार बाजूला ठेवली. मैत्रिणींनो, ती काही महिने बाजूला राहिली नाही, काही दशकं राहिली. वॉशिंग्टनमध्ये ती एका मोठ्या दुकानात कामाला असताना चुकलेली एक लहान मुलगी तिनं आईपर्यंत पोचवली. ती आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. त्यांनी तिला घरकामाला ठेवलं. त्या घरात स्वयंपाकघरात भिंतीला गिटार टांगलेली असे. एके दिवशी घरातल्या मुलीनं पाहिलं, तर कामवाली बाई ती गिटार उलटी धरून वाजवतेय. तिची पहिली तबकडी १९५८ साली निघाली, तेव्हा ती साठीच्या पुढे होती. १९८५ साली तिला ग्रॅमी मिळालं तेव्हा नव्वदीत. १९८७ साली ती गेली, आणि २०२२ साली रॉक अँड रोलच्या मानाच्या यादीत तिचं नाव घातलं.

मधलं एक राहिलं. तिनं बालपणी रचलेलं ते गाणं सीगरांच्या मुलीबरोबर इंग्लंडला गेलं, आणि तिथे दोन पुरुषांनी ते आपल्या नावावर नोंदवून टाकलं. १९५७ साली ते तिकडे गाजलंही. तिला आपलं नाव त्यावर लावून घ्यायला झगडा करावा लागला. सातबारा काय फक्त जमिनीचाच असतो असं नाही.

आता ही गोष्ट आपल्याकडे लोक अशी सांगतात, की बघा, प्रतिभा कधी झाकून राहत नाही. मला ते पटत नाही. राहते की झाकून! भिंतीवर गिटार नसती, ते घर गाणाऱ्यांचं नसतं, तर ती धुणी धूत मेली असती आणि मी ती सीडी उचलली नसती. तिच्या त्या मधल्या मुक्या वर्षांत जे कानावर पडलं नाही त्याचं काय झालं, हे मला जास्त छळतं.

असो. मी तार बदलून आणली आणि सुरुवात केली. पहिले तीन महिने एकटीनं, नवरा कामावर गेल्यावर. पुस्तकात पाहून. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडेपर्यंत ताटं धुताना झोंबायचं. पण खरी अडचण अंगठ्याची. एकटा अंगठा नीट चालायचा. बोटं आत आली की तो त्यांच्या मागे धावायचा, किंवा थांबून बघत बसायचा. नवरा घरी असताना मी वाजवलं तर तो टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचा. मुद्दाम नाही हो. त्याला ते कळतही नव्हतं. मीच गिटार ठेवून द्यायचे. घरात बाईनं बेसूर आवाज काढायचा, तोही रोज, तोही ज्याचा कुणाला उपयोग नाही असा, याची सवय ना त्याला ना मला.

मग वाचनालयातल्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. डरहॅममध्ये दर गुरुवारी संध्याकाळी, ब्लूज गिटार शिकणाऱ्यांनी एकत्र बसायचं. शिक्षक नाही, फी नाही. मी तीन गुरुवार गाडी काढून अर्ध्या वाटेवरून परत आले. चौथ्या वेळी पोचले.

आम्ही पाच जणी होतो. रात्रपाळी करणारी एक नर्स, काळी, माझ्याहून थोडी मोठी. एक शाळेची बस चालवणारी. एक पीएचडी करणारी मुलगी, एक निवृत्त टपाल कर्मचारी, आणि मी. नियम नर्सनं घालून दिलेले. प्रत्येकीनं दोन मिनिटं वाजवायचं. ऐकणाऱ्यांनी 'छान' म्हणायचं नाही आणि 'चुकलं' म्हणायचं नाही. जे ऐकू आलं ते सांगायचं. 'तिसऱ्या ओळीत तुझा अंगठा घाईत होता', 'ती खालची तार मला खूप वेळ ऐकू येत राहिली', असं. आणि कुणी 'सॉरी' म्हटलं की डब्यात पाव डॉलर टाकायचा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. पहिल्या संध्याकाळी मी दोन मिनिटांत सहा वेळा सॉरी म्हटलं. त्या डब्यातून आम्ही सगळ्यांसाठी तारांचे संच आणायचो. वर्षभर माझ्याच पैशांवर आणले असतील.

हसताय तुम्ही, पण आपल्या बैठकीत नवी बाई बोलायला उभी राहते तेव्हा तिचं पहिलं वाक्य काय असतं ते आठवा. 'मला काही नीट बोलता येत नाही, चुकलं तर माफ करा.'

ब्लूज म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या दक्षिणेत, गुलामगिरीतून सुटलेल्या आणि तरीही न सुटलेल्या काळ्या लोकांचं हे संगीत. एक साधं आवर्तन असतं, बारा खणांचं, खणाला चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस. गाण्याच्या ओळी तीन. पहिली म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरी त्याला उत्तर देते. दुसऱ्यांदा म्हणताना गाणाऱ्याला पुढची ओळ सुचवायला वेळ मिळतो. ओवी म्हणणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि सूर! पेटीवर कोमल गंधार आहे, शुद्ध गंधार आहे. ब्लूजचा गंधार या दोन्हींच्या मधे कुठेतरी राहतो. पेटीला तो सापडत नाही, गिटारवर तार बोटानं किंचित ओढली की सापडतो. मी पहिल्यांदा तो बरोबर काढला तेव्हा बसवाली म्हणाली, "ही आता पोचली तिथे." एवढंच म्हणाली, पण परत येताना मी गाडीत मोठ्यानं रडले.

ब्लूज गिटार म्हटलं की रस्त्यात एकटा उभा असलेला पुरुष डोळ्यांपुढे येतो. तो समज आमच्या गटात पहिल्या महिन्यातच मोडला. काळ्या गायिकेनं गायलेल्या ब्लूजची पहिली तबकडी १९२० सालची, मेमी स्मिथ या बाईची. मेम्फिस मिनी नावाची बाई गिटार घेऊन शिकागोत भल्याभल्या पुरुषांच्या बरोबरीनं उभी राहिली आणि तिनं दोनशेच्या घरात गाणी ध्वनिमुद्रित केली. आणि आमच्याच राज्यातली एटा बेकर. तिचं वादन १९५६ सालीच तबकडीवर आलं होतं, पण घर, मुलं आणि कापडगिरणीतली नोकरी. सव्वीस वर्षं गिरणीत काम करून साठीच्या सुमाराला तिनं नोकरी सोडली ती गिटारसाठी. तिच्या एकटीच्या नावाची तबकडी निघाली १९९१ साली. बसवालीनं तिचा फोटो आपल्या गिटारच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.

डरहॅम हे तंबाखूचं गाव. आता ते कारखाने बंद पडलेत, जुन्या इमारतींत कचेऱ्या आणि हॉटेलं आलीत. पण १९३०च्या दशकात पगाराच्या दिवशी, तंबाखूच्या लिलावाच्या दिवसांत, गोदामांबाहेर ब्लाइंड बॉय फुलर आणि रेव्हरंड गॅरी डेव्हिस असे वादक वाजवायचे. दोघेही अंध. आणि आतमध्ये काळ्या बायका गरम, धुळीनं भरलेल्या खोल्यांत पानाची मधली शीर ओढून काढायच्या. सिगारेट बनवण्याची यंत्रं असलेली कामं गोऱ्या बायकांना. नर्सची आजी त्या शिरा काढणाऱ्यांतली. एकदा ती हे सांगत होती आणि मी म्हटलं, "आमच्या गावात विड्या वळतात." ती थांबली. मग दीड तास आम्ही गिटारला हात लावला नाही. मजुरी कशावर? हजारावर. बाजूला काढलेला माल? त्याचे पैसे नाहीत. वास? केसांना, पोरांच्या कपड्यांना. खोकला? होय, खोकला. तिनं मला विचारलं, "त्या बायका काम करताना काय गायच्या?" मला सांगता येईना. मी तिथेच वाढले, रोज त्यांच्या समोरून शाळेत गेले. मला सांगता आलं नाही.

तिसऱ्या वर्षी एक गृहस्थ यायला लागले. चांगलं वाजवायचे, आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं. पण दुसरीचं वाजवणं संपायच्या आत त्यांचा हात पुढे यायचा. 'असं नाही, असं.' तीन गुरुवारांत काय झालं असेल? पीएचडीवाली 'आज नुसतं ऐकते' म्हणू लागली. टपालवाली हळूहळू वाजवायला लागली, ऐकूच येऊ नये इतकं. मी पुन्हा सॉरी म्हणायला लागले. कुणी वाईट वागलं नव्हतं. बसवालीनं शेवटी त्यांना सरळ सांगितलं, की तुम्ही शिकवू नका, तुम्हाला जे येत नाही ते इथे वाजवून दाखवा. ते लाल झाले. पुढच्या गुरुवारी येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो. आले. फुलरची एक अवघड चीज घेऊन आले, अडखळले, डब्यात पाव डॉलर टाकला. ते अजून येतात. पुरुषांशी बोलावं की नाही यावर आपल्याकडे किती बैठका झाल्या ते मी बोलत नाही.

२०१९ साली सासूबाई सहा महिने आमच्याकडे होत्या. ऐंशीच्या घरातल्या, निफाडकडच्या, शाळा पाहिलेली नाही. मी त्यांच्या समोर वाजवायची नाही. एक दिवस त्या झोपल्यात असं समजून बाहेरच्या खोलीत बसले. तोच बारा खणांचा तुकडा, पन्नास वेळा. आतून आवाज आला, "सूनबाई, जातं थांबतंय तुझं."

मी आत गेले. त्या पलंगावर उठून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ती जाड तार हाये नं, ती चालता चालता अडते. दाणा टाकताना हात थांबला तर पीठ जाडंभरडं पडतं. आधी नुसतं फिरव. दाण्याची घाई करू नको." मग त्यांनी चादरीवर हात फिरवून दाखवला.

मी दीड वर्षात तीन पुस्तकं वाचली होती. सगळ्यांत तेच लिहिलं होतं, की आधी अंगठा एकटा पक्का करा. पण मला ते सासूबाईंच्या हातानं कळलं. पुढचे दोन महिने रोज दुपारी त्या खुर्चीत बसून ऐकायच्या. ओवी म्हणा म्हटलं तर लाजायच्या. एकदाच म्हटली, अर्धी. मला ती ध्वनिमुद्रित करायचं सुचलं नाही. त्या २०२२ साली गेल्या.

मार्च २०२० मध्ये वाचनालय बंद झालं. आम्ही संगणकाच्या पडद्यावर भेटून पाहिलं, पण त्यात आवाज मागेपुढे होतो, एकत्र वाजवता येत नाही. गट विस्कटला. नर्स तेव्हा दवाखान्यात सलग रात्रपाळ्या करत होती. एका सकाळी सात वाजता तिचा फोन. ती गाडीत बसली होती, घरी जायच्या आधी. म्हणाली, "बोलू नकोस. वाजव." मी फोन टेबलावर ठेवला आणि तो एकच तुकडा वाजवला. एका जागी चुकले, सॉरी म्हणणार होते, तिचं वाक्य आठवलं, पुढे गेले. चार-पाच आवर्तनं झाल्यावर तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या वर्षी आठवड्यातून तीन-चार सकाळी असं चाललं. ती काय पाहून यायची ते तिनं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कधी ती तिकडून बोटांनी गाडीच्या चाकावर ठेका धरायची. नवरा चहा घेऊन शेजारी उभा राहायचा. टीव्ही बंद असायचा.

माझं वादन तोवर कुणाला ऐकवण्याजोगं झालेलं नव्हतं. आजही मी मध्यम वाजवते. चांगली झाल्यावर ऐकवू असं मी ठरवलं असतं तर तो फोन उचललाच नसता.

आता तुमच्यापैकी कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते, पन्नाशीनंतर माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी सांधा दुखायला लागला. पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांना होतो हा त्रास, लाटणं धरतानाही जाणवतो. डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम केले, पातळ आणि मऊ तारा लावल्या, तारा पडद्यांच्या जवळ आणून घेतल्या, आणि अर्धा तास सलग वाजवण्याऐवजी दहा दहा मिनिटं तीनदा. चाललंय. टपालवालीला नाही चाललं. तिची बोटं वाकली. तिनं गिटार विकली नाही, पीएचडीवालीला दिली. ती अजून गुरुवारी येते आणि ऐकलेलं सांगते. आमच्यात तिच्याएवढे कान कुणाचेच नाहीत.

काल रात्री आपल्यातल्या एका तरुण मैत्रिणीनं मला विचारलं. ती वस्तीत काम करते, मी तिचं नाव घेत नाही. म्हणाली, "ताई, ते मजूर बायांचं गाणं. त्यांच्या घामाचं. तुम्ही गाडीतून जाता नि वाजवता. तुमचं त्यात काय?" मी तिला रात्री काहीतरी उत्तर दिलं, ते मला आज पटत नाही. हाच प्रश्न नर्सनंही एकदा विचारला होता, वेगळ्या शब्दांत. मी शब्द गात नाही, फक्त वाजवते. वाजवण्याआधी ही चीज कुणाची ते सांगते. तिकडे हिल्सबरो गावात म्युझिक मेकर नावाची संस्था १९९४ पासून दक्षिणेतल्या म्हाताऱ्या, गरीब वादकांना औषधपाण्यापासून मदत करते, तिला आमच्या डब्यातले उरलेले पैसे देतो. हे सगळं बरोबर आहे, आणि तरी तिचा प्रश्न शिल्लक राहतो. तो राहू दे.

पण त्या प्रश्नानं मला दुसरीकडे ढकललं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगावच्या बायांबरोबर एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, म्हणणारीचं नाव आणि गाव यांसकट. मी त्या तिकडे बसून वाचते, ऐकते. आणि माझ्या आजीच्या ओव्यांपैकी मला एकही पूर्ण येत नाही. मी तिच्या मांडीवर होते! परवा सिन्नरला गेले होते. आळीतल्या त्या बायकांपैकी दोघीच उरल्यात. एकीच्या ओट्यावर दुपारभर बसले, वही घेऊन. ती म्हणाली, "आत्ता इचारतीस व्हय गं?" मग दोन म्हटल्या. तिसरी आठवेना. उद्या ये म्हणाली. उद्या मी पुन्हा जाणार आहे.

बरं, बोलणं पुरे. ही गिटार नाशिकच्या भाचीकडून मागून आणलीय, हिचे पडदे मला नवे आहेत आणि थंडीनं बोटं आखडलीत. चीज एलिझाबेथ कॉटनची आहे, तीच मालगाडीची. तिनं उलटी वाजवली, मी सुलटी वाजवते. बारा खणांची नाहीये ही, त्यामुळे मोजत बसू नका. डबा मी बरोबर आणलाय, तिथे पुढे सतरंजीवर ठेवते. मी सॉरी म्हटलं तर सांगा.